जबड्याचा मोसम

डिसेंबर अर्धा सरला की मला माणसं आवडेनाशी होतात. मुलुंडच्या ज्या शाळेत मी खेळाची शिक्षिका आहे, तिथल्या स्टाफरूममध्ये बायका शाली गुंडाळून बसतात, आमच्याकडच्या कोमट हवेला थंडी म्हणतात आणि एकमेकींच्या डब्यात उंधियू वाढतात. मला त्यातलं काहीच नको असतं. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत प्रत्येक नाक्यावर फ्लेक्स लागलेले असतात. वर हात जोडलेले चेहरे, खाली क्रीडा महोत्सव, आणि कोपऱ्यात कुठून तरी उचलून चिकटवलेले लाल ग्लोव्हज. ते दिसले की माझी मान ताठ होते, आणि मग एखाद-दोन दिवसांत फोन येतोच. आवाज नेहमी कुणा उत्साही कार्यकर्त्याचा. मॅडम, तुम्हीच ना त्या फायनलला होतात?

कुठली फायनल ते तो सांगत नाही. सांगायची गरज नसते. आमच्या पूर्व उपनगरांत मुलींच्या बॉक्सिंगची एकच फायनल झाली असावी असं लोक बोलतात. माहुलच्या हेमांगीने तुटलेल्या जबड्याने जिंकली ती. तिच्यासमोर उभी होती ती मी.

गोष्टीत मला नाव नाही. मी नुसती 'समोरची'. जिमजिममध्ये, क्लबक्लबमध्ये ही गोष्ट फिरते आणि दर वर्षी थोडी वाढते. एका ठिकाणी मी ऐकलं की जबडा माझ्याच ठोशाने तुटला. दुसरीकडे हेमांगीने रिंगमध्ये दात थुंकले. एका मुलाने तर मलाच सांगितलं की समोरची तिच्यापेक्षा वीतभर उंच होती. मी हेमांगीपेक्षा बोटभर बुटकी आहे. त्याच्या डोळ्यांत जी चमक होती ती माझ्या ओळखीची होती. दुसऱ्याचं हाड मोडल्याचं ऐकताना माणसाच्या डोळ्यांत ती येते, आणि मला ती मुळीच सहन होत नाही.

अशा गोष्टी खूप आहेत. विक्रोळीचा एक जण खांदा निखळलेला असताना जिंकला होता. अंधेरीचा एक जण फुटलेल्या भुवईने लढला होता, एका डोळ्यात रक्त साचलेलं, दुसऱ्याने बघत. सांगणारे इथेच थांबतात. खांदावाला आता दोरीवर शर्ट वाळत घालायला बायकोला हाक मारतो. ते मी पाहिलंय. पण ते माइकवर कोण सांगणार?

त्या काळी माझ्या हिवाळ्याची सुरुवात उपाशीपोटी व्हायची. आम्ही विक्रोळीला राहायचो, कारखान्याच्या मागच्या चाळीत. वडील त्याच कारखान्यात. सकाळच्या भोंग्याआधी मी खाडीच्या बाजूला पळायला जायची. खारफुटीच्या चिखलाचा वास, त्यात धूर मिसळलेला, आणि जिभेवर लोखंड ठेवल्यासारखी चव. धुकं म्हणावं तर ते डोळ्यांत झोंबायचं. परत आले की आई चुलत्यांकडून आलेल्या तांदळाच्या भाकऱ्या भाजत असायची आणि मी त्यांच्याकडे पाठ करून लिंबूपाणी प्यायची, वजन वाढू नये म्हणून. आई मालवणची. "काय गो, लगीन ठरलां काय तुझां? उपास कित्याक करतस?" ती म्हणायची. मी तिला वजनगट समजावायचा प्रयत्न केला होता. तिला एवढंच कळलं की पोरीला मार खायला जायचंय आणि त्यासाठी आधी उपाशी राहावं लागतं. आता वाटतं, तिला बरोबरच कळलं होतं.

संध्याकाळी पालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये सराव. ठोसे मारायला एकच बॅग, तीही शिवून शिवून ठिगळांची. ग्लोव्हज सगळ्यांचे मिळून, त्यामुळे आत हात घातला की आधीच्या कुणाचा तरी घाम ओला लागायचा. हेडगार्डला दहा जणींच्या तेलांचा वास. गुरव सर शिकवायचे. तेही कारखान्यातले, पाळी संपवून थेट यायचे, खिशात शिट्टी आणि तोंडात सुपारी. त्यांनी मला उभं राहायला शिकवलं हे मी नाकारत नाही. मार लागला की ते म्हणायचे, रडायचं असेल तर बाहेर नळ आहे. आम्ही नळाखाली तोंड धुऊन परत यायचो आणि तेवढ्यावरच आपण मोठ्या झालो असं समजायचो.

हेमांगी स्पर्धांमधूनच माहीत होती. माहुल गावात त्यांची होडी होती. समोर खाडी, मागे रिफायनरीची चिमणी, आणि हवेला असा वास की नवीन माणसाचं डोकं धरावं. मुली तिला चिडवायच्या, तुझ्या ग्लोव्हजना बोंबील लागलेत, रॉकेल लागलंय. ती त्यांच्याकडे न बघता हातांना पट्ट्या बांधत राहायची. एकदा फक्त म्हणाली, वास तुम्हाला येतोय ना, मग नाक तुमचं धरा. ती मला आवडायची नाही, हे सरळ सांगते. तिच्यात एक गुर्मी होती. मलाही होती. आधी एकदा मी तिला हरवलं होतं आणि एकदा तिने मला, त्यामुळे त्या जानेवारीत घाटकोपरच्या मैदानावर आमची फायनल लागली तेव्हा दोघींनाही जुना हिशेब मिटवायचा होता.

आदल्या संध्याकाळी तिची सेमीफायनल झाली. समोर कल्याणची एक दांडगी मुलगी होती. हेमांगी जिंकली, पण शेवटच्या घंटेच्या जरा आधी तिने एक उजवा ठोसा खाल्ला. मी प्रेक्षकांत बसून तो पाहिला होता. तिची मान वळली, ती परत सरळ झाली आणि घंटा वाजली. काही झालंय असं कुणालाच वाटलं नाही.

सकाळी वजनाच्या रांगेत ती माझ्यापुढे होती. दाढ दुखणारे बांधतात तसा रुमाल हनुवटीखालून डोक्यावर बांधलेला. वजन झाल्यावर सगळ्या मुली हावऱ्यासारख्या केळी खात होत्या, चहात पाव बुडवत होत्या. तिचे सर तिला चमच्याने साखरेचं पाणी पाजत होते आणि त्यातलं अर्धं तिच्या गळ्यावरून ओघळत होतं. मग तपासणी. डॉक्टर म्हणाले, तोंड उघड. तिने बोट जाईल इतकंच उघडलं. दाढ आहे, तिचे सर मध्येच म्हणाले. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मागच्या लांब रांगेकडे पाहिलं, आणि फिट म्हणून पुढे ढकललं. रुमालाखाली गाल कसा दिसतोय ते माझ्या जागेवरून दिसत होतं. डॉक्टर तर माझ्यापेक्षा जवळ होते.

फायनल दुपारच्या उन्हात झाली. मैदानात पाणी मारून रोलर फिरवला होता, तरी वाऱ्यावर लाल धूळ उडत होती आणि ती ओठांवरच्या व्हॅसलीनला चिकटायची. पहिल्या फेरीत मी उजव्या हाताने तिच्या जबड्यावर मारलं. ठोसा लागला की हाताला एक ठराविक टणकपणा लागतो. तो लागला नाही. आत काहीतरी सरकलं. तिच्या तोंडून आवाज आला नाही, डोळ्यांतून मात्र पाणी आलं, नळ सोडावा तसं. मी कोपऱ्यात आले तेव्हा गुरव सर माझ्या मानेवर पाणी मारत शांतपणे म्हणाले, "तिचा जबडा गेलाय. तिथेच मार."

मी तिथेच मारलं. जितक्या वेळा जमलं तितक्या वेळा. याबद्दल माझ्याकडून पश्चात्तापाची अपेक्षा असेल तर ती करू नये. बॉक्सिंगमध्ये जबड्यावरच मारतात, आणि ती हातात ग्लोव्हज घालून माझ्यासमोर आली होती, तिला मी बोलावलं नव्हतं. राग मला माझा नाही येत. राग येतो रिंगच्या बाहेरच्यांचा. तिचे सर, माझे सर, डॉक्टर, टेबलावरचे पंच, एवढ्या मोठ्या माणसांत एकाच्याही तोंडून बस झालं हा शब्द निघाला नाही. शेवटच्या फेरीत माझा एक ठोसा असा लागला की तिचे गुडघे वाकले. पंचाने आकडे मोजले, तिच्या डोळ्यांत पाहिलं, विचारलं, लढणार? तिने मान हलवली. तिला बोलता येत नव्हतं हे त्याच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं. तोवर तिचा जबडा गेल्याचं प्रेक्षकांना समजलं होतं. ते उभे राहिले होते. इतकं ओरडत होते की घंटा मला ऐकूच आली नाही. मग त्यांनी तिचा हात वर केला.

मुलींना कपडे बदलायला मैदानालगतच्या शाळेतला एक वर्ग दिला होता. मी बाकावर बसून पट्ट्या सोडत होते. हेमांगीला आणून समोरच्या बाकावर बसवलं. बाहेर फटाक्यांची माळ लावली होती. तिच्या सरांनी तिच्या तोंडातलं गमशिल्ड, म्हणजे दातांवर बसवतात तो रबरी साचा, काढायला बोट घातलं. निघेना. तोंडच उघडत नव्हतं. जबडा सुजून बंद झाला होता आणि आत ते रबर अडकलं होतं. नाकातून श्वास, ओठांच्या कडेने गुलाबी लाळ. सर म्हणत होते, जरा उघड, जरा उघड, शाबास, वाघीण आहेस. तिची आई बाजारातून थेट आली होती. तिने सरांचा हात बाजूला केला आणि लेकीचं डोकं पोटाशी धरलं. हेमांगी माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत जिंकल्याचं काही नव्हतं. माझ्याविषयी मायाही नव्हती. मी पट्ट्या पिशवीत टाकल्या आणि बाहेर आले. बाहेर कुणीतरी पेढे वाटत होतं. मलाही दिला.

गमशिल्ड इस्पितळात काढलं. जबडा दोन ठिकाणी तुटला होता. तारा घालून दात एकमेकांना बांधले. होळी होईपर्यंत ती नळीने पेज आणि माशाचं पाणी पीत होती, हे मला नंतर इतरांकडून कळलं. पण त्याआधी राज्याची स्पर्धा आली. विजेती जाऊ शकत नव्हती. उपविजेती गेली. म्हणजे मी. पहिल्याच फेरीत हरून परत आले, पण राज्य पातळीवर खेळल्याचा कागद मिळाला आणि पुढे त्याच्या जोरावर शाळेतली नोकरी लागली. हेमांगीला त्या फायनलचं काय मिळालं? शाल आणि श्रीफळ. पुढच्या वर्षी परत शाल आणि श्रीफळ. ती पुन्हा रिंगमध्ये उतरली नाही. त्यांची होडी विकली गेली, खाडीत मासळी राहिली नाही. आता ती धक्क्यावरून माल आणते आणि वहिनीबरोबर घाटकोपरच्या बाजारात बसते. हिवाळा आला की तिला गाडी पाठवून नेतात, स्टेजवर बसवतात, गोष्ट सांगतात आणि परत सोडतात.

बाजारात मी त्या गल्लीत जात नाही. पापलेट हवं असेल तर मुलुंडलाच घेते, महाग पडलं तरी.

या जानेवारीत मात्र टाळता आलं नाही. महोत्सव विक्रोळीतच होता आणि माझ्या शाळेची तनुजा फायनलला पोहोचली होती. नववीतली. हाडकुळी, हट्टी, दोन्ही हातांनी सारखंच वाईट मारणारी, पण मागे न हटणारी. सेमीफायनलमध्ये तिला बरगडीवर ठोसा बसला होता. काही नाही, ती म्हणत होती. पण बूट बांधायला ती वाकत नव्हती. पाय बाकावर घेऊन बांधत होती, तेही श्वास रोखून. मी पंचांच्या टेबलावर जाऊन सांगितलं की माझी मुलगी उतरणार नाही.

तनुजा माझ्याशी बोलायची थांबली ती तिथेच. तिचे वडील बोलायचे थांबेनात. रिक्षा चालवतात, चांगले गृहस्थ आहेत, एरवी मला ताई म्हणतात. त्या दिवशी मॅडम म्हणत होते. मॅडम, घाबरता तुम्ही आहात, पोरगी नाही. मॅडम, त्या हेमांगीताईंनी जबडा तुटलेला असताना मारलं, हिची तर नुसती बरगडी आहे. लोक जमले. मला माहीत होतं पुढे काय येणार आणि ते आलंच. घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, यांना काय विचारता, या तर तिच्याकडून हरलेल्या.

गुरव सर पहिल्या रांगेत होते. आता थकलेत, ऐकू कमी येतं, पण अजून सगळ्या स्पर्धांना खुर्ची असते. मी त्यांच्याकडे गेले, कारण मला कुणावर तरी राग काढायचा होता आणि ते हाताशी होते. म्हटलं, सर, तुम्ही त्या दिवशी तिथेच मार म्हणालात. त्यांना लगेच आठवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग काय सांगायला हवं होतं? दुसरीकडे मार?" ते म्हणाले. "मी तुझ्या कोपऱ्यात होतो. तिला थांबवायचं काम तिच्या कोपऱ्याचं." त्यांचं चूक नव्हतं. म्हणूनच मला ते अधिक लागलं. आपापल्या कोपऱ्यात प्रत्येकाचं बरोबरच असतं आणि मधल्या पोरीचा जबडा जातो.

तेवढ्यात दिसलं की तनुजाचे वडील स्टेजवर चढलेत. हेमांगी तिथे बसली होती, चॉकलेटी काठाची साडी, केसांत अबोली, मांडीवर शाल. ते हात जोडून तिला काहीतरी सांगत होते, आणि बोट माझ्याकडे. मी मनात म्हटलं, संपलं. आता ही येणार, पोरीच्या पाठीवर हात ठेवणार, सगळे टाळ्या वाजवणार, आणि माझी पोरगी तुटक्या बरगडीने रिंगमध्ये जाणार.

हेमांगी उतरून आली. जाडी झाली आहे, चालणं तसंच, टाचा न टेकवल्यासारखं. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. तनुजा बाकावरून उठून उभी राहिली, चेहरा एकदम उजळलेला. फोटो काढायला चार-पाच मोबाइल वर आले. हेमांगीने विचारलं, कुठे लागलंय? तनुजा म्हणाली, कुठेच नाही ताई. हेमांगीने तिच्या टीशर्टवरून बोट फिरवत नेलं आणि एका जागी दाबलं. फार जोरात नाही. तनुजाच्या तोंडून जो आवाज निघाला तो मैदानाच्या त्या टोकापर्यंत गेला असेल. मोबाइल खाली आले.

"घरी ने हिला," हेमांगी वडिलांना म्हणाली. "आधी एक्स-रे काढ." ती जबड्याच्या एका बाजूनेच बोलते, शब्द थोडे घासून येतात. वडील काही म्हणायला गेले, ताई, तुम्ही स्वतः, असं. तिने त्यांना पूर्ण होऊ दिलं नाही. "मी स्वतः काय? मी सुपारी खाऊ शकत नाही, भाकरी खायची तर आधी रश्शात भिजवते. जांभई आली की हाताने जबडा धरते. पोरीला हे पाहिजे का, विचार."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक पांगले. गोष्टीतली बाई गोष्टीतल्यासारखी वागली नाही, हे त्यांना आवडलं नव्हतं. वडिलांनी तनुजाला रिक्षात बसवलं. ती जाताना मागे वळली नाही, माझ्यासाठी नाही आणि हेमांगीसाठीही नाही.

मला वाटलं आभार मानावेत. मंडपामागे, जिथे जास्तीच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या, तिथे ती एकटी पाणी पीत उभी होती. मी गेले. तिने बाटली खाली घेतली.

"तू तिला थांबवलंस म्हणून मी खूश झाले असं समजू नको," ती म्हणाली. "मला कोणी असं थांबवलं असतं ना, तर त्याचा हात चावला असता मी."

"चावायला जबडा कुठे होता?" मी म्हटलं.

ती हसली. अर्धंच हसू, आणि कानाजवळ कट् असा आवाज झाला. मग ते गेलं.

"लोकांना काय सांगतेस तू? त्या फायनलचं."

मी सांगितलं की काही सांगत नाही, फोन ठेवून देते.

"बरं करतेस. सगळे मला जबड्याचंच विचारतात. किती दुखलं, कसं सोसलं. इतकी वर्षं. मी जिंकले कशी ते एकाने विचारलं नाही." तिने बाटलीचं झाकण लावलं. "तू सांग. मी कशी जिंकले?"

मी म्हटलं, जबडा तुटलेला असताना.

"दुखण्याचे पॉइंट देतात का, सुजाता?"

तिने माझं नाव घेतलं. तिला ते माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं. तिने शाल खुर्चीवर टाकली, पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, हात वर कर. माझ्या खांद्याला पर्स होती, गळ्यात शिट्टी, पायात चपला. तरी हात वर गेले. आम्हा लोकांचे जातात.

तिचा डावा तळवा माझ्या कपाळाला लागला. मी मागे सरकले, तो परत लागला. हळूच, पीठ मळताना थापटतात तसा. मी रोज मुलींना हेच शिकवते, येणारा हात कसा अडवायचा. मी अडवायला जात होते आणि प्रत्येक वेळी माझा हात तिथे पोहोचायच्या आत तिचा येऊन गेलेला असायचा. तिचा खांदा हलत नव्हता. डोळे हलत नव्हते. हात कमरेपाशी सैल, आणि मग एकदम कपाळावर. चाळिशी ओलांडलेल्या दोन बायका, रचलेल्या खुर्च्यांमागे, एक दुसरीला टपल्या मारतेय. कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं. मला मात्र ती दुपार दिसत होती. तिच्या जबड्यावर बसलेले माझे ते थोडे ठोसे, आणि त्यांच्या मधल्या वेळात हा डावा हात, परत परत, माझ्या नाकावर, भुवईवर, कपाळावर. मी तिच्या जवळच जाऊ शकले नव्हते. सगळं मैदान तिचा जबडा बघत होतं. मीसुद्धा तेच बघत होते.

"जबडा धड असता तरी हरली असतीस," ती म्हणाली. तिला धाप लागली नव्हती. मला लागली होती.

"हो," मी म्हटलं.

तेवढंच तिला हवं होतं असं वाटलं. ती पदर सोडून नीट करायला लागली. इतकी वर्षं मी एका मोडक्या मुलीकडून हरल्याची लाज घेऊन फिरत होते. मी माझ्यापेक्षा चांगल्या मुलीकडून हरले होते. हे तिला कधीचंच माहीत होतं. मला सांगायला कुणी नव्हतं, आणि तिला विचारायला.

मग मी चूक केली. म्हटलं, शाळेत ये एखाद्या शनिवारी. मुलींना हा लेफ्ट दाखव.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला त्या दिवशीचा कपडे बदलायचा वर्ग आठवला.

"तुझी शाळा, तुझा पगार, तुझ्या पोरी," ती म्हणाली. "माझ्या जागेवर गेलीस तू. मी तिथे येऊन शिकवू?"

मला त्यांनी पाठवलं, मी मागून घेतलं नव्हतं, असं बरंच काही बोलता आलं असतं. ते सगळं खरं होतं आणि तिच्या काही उपयोगाचं नव्हतं. तिने शाल उचलली, घडी न करता काखेत मारली आणि रस्त्याकडे गेली. महोत्सवाची गाडी तिला सोडायला उभी होती. ती तिच्यात बसली नाही. रिक्षाला हात केला.

तनुजाच्या बरगडीला चीर निघाली. पुढच्या आठवड्यात ती शाळेच्या हॉलमध्ये आली, छातीला पट्टा बांधून, आणि बाकावर तोंड फिरवून बसली. बाकीच्या मुली दोरीवर उड्या मारत होत्या. खिडकीतून तीच धुरकट सकाळ आत येत होती. मी मुलींना उभं केलं आणि डावा हात शिकवायला घेतला. कमरेपाशी सैल ठेवला, खांदा न हलवता सोडून पाहिला. खांदा हलला. परत सोडला, परत हलला. माझा हात फार तर बऱ्या शिक्षिकेचा हात होता.

"असा नव्हता त्यांचा," बाकावरून तनुजा म्हणाली. आठवडाभरातलं तिचं माझ्याशी पहिलं वाक्य. रिक्षाकडे जाताना ती मागे वळली नव्हती, पण रिक्षा मंडपामागच्या गर्दीत अडकली होती आणि तिथून तिने आमच्या टपल्या पाहिल्या होत्या.

मी म्हटलं, नव्हता. मला तो मारता येत नाही. मग मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, हात वर करून, आणि तो समोरून कसा येतो ते तिला सांगायला लागले. मला तो फक्त खाऊन माहीत आहे.